कॅप्टन कृष्णातच्या पबात शाल-श्रीफळ

कोल्हापूर,
सोमवार, भर दुपार
(दुकानाच्या गादीवरून; अप्पा मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला गेलेत, तेवढ्यात)

तीर्थरूप राजशेखरमामा यांना शांभवीचं शरणु शरणार्थी.

इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे जे नाहीत त्यांची हकीकत पुढं येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी बांधावरून चालू नका सांगितलं, तर तुम्ही ट्रॅक्टरवर बसून बांध बघायला जाता आणि बांधावर उतरून चालता, असं मामी म्हणाल्या. ऊस तुटला का? म्हैस व्याली का? रेडा की रेडी? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून कट्ट्यावर ठेवता. मागच्या खेपेला मी पोटात दुखतंय म्हणून सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी शिरोळच्या स्टँडवरून कुणा अनोळखी काकांनी मला ओव्याचा काढा कसा करायचा ते कळवलं. आणि व्हॉट्सॲपवर तुम्ही रोज सकाळी गुलाबाची फुलं पाठवता, पण आलेलं काही वाचत नाही. म्हणून हे पत्र. एकट्यानं वाचा, मनात वाचा, आणि वाचताना ओठ हलवू नका. मामी ओठांवरून ओळखतात.

तर काल, रविवारी, आमच्या बँडचा कार्यक्रम इथं झाला. पुण्यात कॉलेजांतून आणि हॉटेलांतून कितीतरी झाले, पण आपल्या गावात पहिल्यांदाच. आणि तोही पबात. पब म्हणजे काय ते तुम्हाला समजवायला नको, मागच्या साली तुम्ही बेळगावात ‘सूप प्यायला’ कुठं गेला होता ते मला माहीत आहे (मामींना नाही, बघा, ओठ!). कळंब्याच्या रस्त्याला कृष्णातचं परमिट रूम होतं ना, तेच. त्यानं औंदा भिंती काळ्या रंगवल्या, ट्यूबलाइटी काढून पिवळे बल्ब लोंबते सोडले, आवाज बाहेर जाऊन पोलीस येऊ नयेत म्हणून हे एवढं जाड दार बसवलं, दारावर जहाजाचं सुकाणू ठोकलं आणि स्वतःच्या नावाआधी कॅप्टन लावलं. (समुद्र कुठं आणि कृष्णात कुठं! रंकाळ्यात होडीत बसलं तरी त्याला मळमळतं, हे त्यानंच सांगितलं.) खुर्च्या त्याच आहेत. बसलं की त्याच करकरतात, फक्त आता काळ्या दिसतात.

आणि इथंच घोळ होता. अप्पा. तीन वर्षांपूर्वी मी बी.कॉम. झाले म्हणून तुम्ही मला बास गिटार घेऊन दिलीत आणि तेव्हापासून तुमचं दोघांचं बोलणं बंद आहे, हे मी तुम्हालाच काय सांगायचं. कुठल्याही लग्नात मांडवाच्या या टोकाला तुम्ही, त्या टोकाला अप्पा, आणि मधे तुमची ताई, म्हणजे आमची अव्वा, निरोप घेऊन पळतेय. ‘त्यांना विचार, गुळाला भाव काय निघाला.’ ‘त्याला सांग, पेपर वाचत जा म्हणावं.’ दोघांना दोघांचं सगळं ऐकू येत असतं, तरी तिची पायपीट चालूच. पोरीला नादाला लावली ती मेव्हण्यानं, हे अप्पांच्या डोक्यात पक्कं बसलंय. त्या गिटारीला ते गिटार म्हणत नाहीत, ‘शिरोळचं लाकूड’ म्हणतात. आणि आजपर्यंत, मामा, त्यांनी मला एकदाही वाजवताना ऐकलेलं नाही. एकदा ऐकावं, एवढंच मला हवं होतं. कौतुक नको, शाबासकी नको, नुसतं बसून ऐकावं. त्यासाठीच मी कोल्हापूरचा कार्यक्रम भांडून घेतला. पण ज्या हॉटेलात आम्लेट होतं तिथं चहासुद्धा न पिणाऱ्या माणसाला पबात ये म्हणून सांगायचं कोणत्या तोंडानं? शेवटी मी नुसतं ‘एका हॉटेलात कार्यक्रम आहे’ म्हटलं. अप्पा ‘बरं’ म्हणाले आणि पेपर उलटला. झालं. माझी छाती तेवढ्यावरच संपली.

दुपारी बँड घरी जेवायला आला. बँड म्हणजे माझ्यासकट तिघं. गिटार वाजवून गाणारा सम्राट हा कबनूरचा. घरात यंत्रमाग, त्यामुळे लहानपणापासून ‘आई, पाणी दे’ म्हणायचं तरी मागाच्या खडखडाटावर आवाज काढावा लागायचा. त्या आवाजाचं त्यानं गाणं केलं. दुसरा पृथ्वीराज, पुण्याचा, तो ड्रम वाजवतो (अप्पा ढोल म्हणतात, आता मीही म्हणते). हा पृथ्वीराज पहाटे निघाल्यापासून तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा जप करत होता. आपलं घर लिंगायताचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ताटात भाकरी, झुणका, शेंगाची चटणी आणि गूळ-गव्हाची हुग्गी बघून त्याचा चेहरा असा पडला की अव्वाला वाटलं, पोराला भूक अनावर झालीय. मग काय विचारता! हुग्गीवर तुपाची धार धरली ती सोडेचना. तो बिचारा हात हलवून नको नको म्हणत होता. ताटावर हात आडवा धरून वर वाकावं लागतं, नुसता हललेला हात आपल्याकडं आग्रहाला आमंत्रण असतो, हे त्या पुणेकराला कुठून कळणार? अप्पाही पंगतीत होते. त्यांनी पृथ्वीराजला त्याचं मूळ गाव विचारलं, सम्राटला मागाचा धंदा विचारला, सूत महागलं म्हणून दोघं मिळून हळहळले. मला ‘चटणी सरकव’ एवढंच म्हणाले. जेवण झाल्यावर सम्राट जाजमावर आडवा झाला आणि म्हणाला, श्वास हुग्गीच्या खाली जात नाही, वरचा सूर कुठून आणू.

चारच्या सुमाराला निघालो. चौकात वळलो आणि समोर मी! मी म्हणजे माझं डिजिटल पोस्टर, दोन मजली. फोटो दहावीच्या निकालाचा, दोन वेण्या, लाल रिबिनी, आणि वर हे एवढं ठळक: ‘कोल्हापूरची वाघीण कु. शांभवी हिचा भव्य संगीत सोहळा.’ शुभेच्छुक जोतीरामदादा व समस्त तालीम मंडळ. खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे, सगळे गॉगलात, त्यातला एक तालमीच्या बोकडाचा. आणि सगळ्यात खाली, माझ्या कपाळात धोंडा: ‘स्थळ : कॅप्टन कृष्णात (पूर्वीचे कृष्णात परमिट रूम व बार), कळंबा रस्ता.’ करामत अव्वाची. तिला मी खरं ठिकाण सांगितलं होतं, तिनं ते शेजारच्या बनाबाईकाकूंना ‘कुणाला बोलू नका हं’ म्हणून सांगितलं होतं. बनाबाईकाकू म्हणजे जोतीरामकाकांच्या मंडळी आणि जोतीरामकाका म्हणजे तालमीचे अध्यक्ष. आता त्यांना कुणाला बोलू नका म्हणायचं म्हणजे गावात दवंडी पिटायची आणि वर दवंडीवाल्याला चहा पाजायचा. पण ते राहू दे. त्या डिजिटलखाली स्कूटर लावून, चष्मा कपाळावर चढवून, मान वर करून वाचत कोण उभं होतं सांगा बघू?

मी गाडीतून उतरले. अप्पा ओळ ओळ वाचत खाली आले. कंसापाशी थांबले. कंस परत वाचला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘फोटो जुना हाय.’ आणि किक मारून निघून गेले. मामा, चार लोकांत ओरडले असते, शिव्या घातल्या असत्या, तर मीही दोन शब्द सुनावले असते आणि हिशेब तिथंच मिटला असता. गप्प बसणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, ते तुम्हाला जास्त माहीत. तुमचा तीन वर्षांचा सराव आहे.

पबात कृष्णातनं आम्हाला अट घातली. सहाला सुरू करायचं, साडेसातला क्रिकेटच्या मॅचचं नाणं उडालं की मोठा पडदा चालू आणि आम्ही बंद. आम्ही मुंडी हलवली. सहाला माणसं किती? कॉलेजची चार पोरं, आणि कोपऱ्यात एक वयस्कर पावणं, ज्यांच्या मते ते अजून परमिट रूमच होतं आणि जे अंधारात स्वतःचं चणे-फुटाण्यांचं ताट चाचपत होते. आम्ही पहिलं गाणं धरणार, एवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न. उतरली ना आमची अख्खी पेठ! बाप्ये फेट्यात, बायका जरीच्या साड्यांत, गजरे, पर्सा, शाली, नारळांचं पोतं, समई, नटराजाची मूर्ती. आणि मूर्ती आत जाणार म्हटल्यावर सगळ्यांनी दारात चपला काढल्या. पबाच्या दारात, मामा! दारावरचा दांडगा पोरगा (कृष्णातचा भाचाच तो) आधी बघत राहिला, मग त्यानंही मुकाट्यानं बूट काढले.

आता आपल्या गावात सत्काराशिवाय काही सुरू होत नाही. बोअरला पाणी लागलं तरी आपण आधी मशीनवाल्याला फेटा बांधतो. जोतीरामकाकांनी सम्राटच्या हातातला माइक काढून घेतला आणि प्रास्ताविक सुरू केलं. दीपप्रज्वलन झालं, समई काउंटरवर, मागं बाटल्यांची रांग, आणि बनाबाईकाकूंनी बाटल्यांकडं पाठ करून समईला हळदकुंकू वाहिलं. मग नारळ वाढवला. तो कुठं वाढवावा? सम्राटच्या गिटारीच्या ॲम्प्लिफायरवर, कारण तेवढाच कोपरा टणक होता. पाणी आत गेलं. ॲम्प्लिफायरनं म्हशीसारखा एक हंबरडा फोडला आणि प्राण सोडला. पेठेनं टाळ्या वाजवल्या. मग फेटे बांधून सत्कार. माझा, सम्राटचा, पृथ्वीराजचा. पृथ्वीराजला फेटा इतका आवळून बांधला की त्याच्या भुवया वर गेल्या त्या गेल्याच, शेवटपर्यंत तो चकित झाल्यासारखा दिसत होता. मग आवाज बघणाऱ्याचा, वेटरांचा, कोपऱ्यातल्या पावण्यांचा (ज्येष्ठ रसिक म्हणून). सगळ्यात शेवटी कृष्णातचा. मला वाटलं, हा तरी घड्याळ दाखवून आवरा म्हणेल. कसलं काय! खांद्यावर शाल पडली आणि कॅप्टनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वर्षं धंदा केला, निम्मी तालीम त्याच्याकडं बसून गेलीय, पण दिवसाउजेडी रस्त्यात कुणी त्याला ओळख दिली नव्हती. चारचौघांत त्याच्या हातात नारळ देणारे हे पहिलेच. त्यानं मनोगत मांडलं. ते संपता संपेना, आणि ऐकताना तालमीतले बरेचजण जमिनीकडं बघत होते.

मनोगत संपलं तेव्हा नाणं उडायला कसाबसा पाव तास उरला होता. मी मघापासून त्या फेट्यांच्या गर्दीत अप्पांचं टक्कल शोधत होते. अव्वा पुढंच बसली होती, नाकाला पदर लावून. मी तिला नजरेनं विचारलं, अप्पा? तिनं मान हलवली. अख्खी पेठ आली, बोकड तेवढा यायचा राहिला, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तो माणूस नाही. मामा, मी रडूबाई नाही, पण त्या वेळी असं वाटलं की ते लाकूड तिथंच ठेवावं आणि घरी जाऊन झोपावं. पण पेठ तोंडाकडं बघत होती. एक गाणं दणक्यात वाजवलं (सम्राटची गिटार मेलेली, म्हणून त्यानं मागावरच्या आवाजात निभावून नेलं, नाद खुळा गायला, हुग्गीसकट). दुसरं गाणं मी बांधलेलं. लहानपणी अप्पा मला पहाटे गुऱ्हाळावर न्यायचे, काहिलीतला रस रटरटायचा, त्याच्यावरचं. त्यात मधेच माझे डोळे भरले, तारा दिसेनात, बोटं सुटली आणि अख्खा एक फेरा माझ्याकडून वाजलाच नाही. कुणाला पत्ता नाही. सम्राट डोळे मिटून गात होता, पृथ्वीराज चकित होता, बनाबाईकाकू भलत्याच ठेक्यावर टाळ्या देत होत्या. मी परत धरलं, संपवलं. वन्स मोअर आला, पण त्याच्याआधी नाणं उडालं होतं आणि पेठेनं आमच्याकडं पाठ करून खुर्च्या पडद्याकडं वळवल्या.

गिटार पेटीत घातली, ते जाड दार ढकललं आणि बाहेर आले. पायरीवर अप्पा बसले होते. शेजारी पेठेच्या सगळ्या चपला जोड्या लावून, बाप्यांच्या एकीकडं, बायकांच्या एकीकडं, दुकानात मांडाव्यात तशा. हातात कुणाच्यातरी मोटारीची किल्ली. (एका गाडीवाल्यानं त्यांना पार्किंगवाला समजून दिली होती. अप्पांनी गाडी लावूनही दिली होती, अगदी रेषेत.) मी काही बोलायच्या आत म्हणाले, ‘मी आत येत न्हाय, तुला ठावं हाय.’ मी म्हटलं, हो. ‘चपला नेल्या असत्या कोणतरी,’ म्हणाले. रस्त्यावरून दोन ट्रॅक्टर गेले. मग म्हणाले, ‘गाणं काय कळलं न्हाय. दार लावल्यालं. कबनूरच्या पोराचा एवढा आवाज, पर त्यो बी न्हाय आला. खालनं एक येत हुतं तेवढंच. पायरीतनं. बुडाला कळायचं. धुम्म, धुम्म. ते काय?’

मी म्हटलं, ‘ते मी, अप्पा.’

‘तेच म्हटलं,’ म्हणाले. किल्ली या हातातून त्या हातात घेतली. ‘मधी एकदा थांबलीस. का गं?’

आत एवढी माणसं होती, मामा. दोघं वाजवणारे माझ्या हाताच्या अंतरावर होते. कुणाला कळलं नव्हतं. मी म्हटलं, फेटा डोळ्यांवर आला. ‘घट्ट बांधाय सांगायचं,’ म्हणाले, आणि माझ्या खांद्यावरची पेटी काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली. स्कूटरवर पुढं उभी करून घरी आणली. वाटेत खड्डे आले तिथं हळू घेतली, एरवी ते कुणासाठी हळू घेत नाहीत.

बाकी सगळं नेहमीचं. पृथ्वीराज पुण्याला पोचला, फेटा सुटला, भुवया खाली आल्याचं कळवलंय त्यानं. मामींना माझा नमस्कार, म्हशीला एक पेंढी माझ्याकडून, आणि गुडघ्याला तेल लावत जा. पत्र वाचून झाल्यावर लपवा.

तुमची भाची,
शांभवी

ता. क. : कृष्णातनं येत्या रविवारी आम्हाला परत बोलावलंय. गाणं आवडलं म्हणून नव्हे. सत्काराच्या गडबडीत त्याचा फोटोच कुणी काढला नाही, बायको विश्वास ठेवत नाही, म्हणून त्याला परत सत्कार हवाय. अप्पांना सांगितलं तर ‘बघू’ म्हणाले. त्यांचं बघू म्हणजे येणार. पण पायरीवर एकटा माणूस बरा दिसत नाही, लोक किल्ल्या देतात. तर मामा, तुम्ही या. माझं एवढं ऐका. आधी कोण बोलणार हा तुमचा दोघांचा जुना तंटा मला माहीत आहे, पण तिथं बोलायचंच नाही, नुसतं शेजारी बसायचं. येताना तुमच्या ओसरीवरच्या दोन घडीच्या खुर्च्या तेवढ्या आणा, म्हणजे गुडघ्यालाही त्रास नको. खरं सांगायचं तर वरचं सगळं एवढ्यासाठीच लिहिलंय.

ता. क. २ : मी बोलावलं असं सांगू नका. ट्रॅक्टरचा पार्ट घ्यायला आलो म्हणा. (रविवारी पार्टची दुकानं बंद असतात, हे अप्पांच्या लक्षात येईल. पण ते बोलणार नाहीत.)

ता. क. ३ : झाला घोटाळा. मी पाकीट आणायला कोपऱ्यावर गेले आणि अप्पा यार्डातून लवकर आले. गादीवरचं हे पत्र त्यांनी पहिल्यापासून वाचलं, बेळगावच्या सुपासकट. मी दारात उभी. चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला, आणि ‘लिव’ म्हणाले. सांगतायत तसं लिहिते :

‘पावण्याला म्हणावं, खुर्च्या आणू नगा. खुर्चीत बसून काय कळत न्हाय. पायरी रुंद हाय, दोघं मावतोय.’